वर्गणी थांबल्यावर ग्रंथालयात काय उरतं?
ज्ञानाचा बाजार : लेखांक ५

एका प्रकाशकाची शेकडो जर्नल्स, हवी-नको ती सगळी, एकगठ्ठा घ्यायची ही 'बिग डील'ची रीत गेल्या आठवड्यात पाहिली. आता प्रश्न असा, की करार संपला आणि नव्याचं जमलं नाही, तर?

छापील अंकांच्या काळात चिंता कमी होती. वर्गणी थांबली की नवे अंक येत नसत, पण बांधून ठेवलेले जुने खंड ग्रंथालयाचेच असत. आता अंक प्रकाशकाच्या सर्व्हरवर असतो. विद्यापीठाचे आयपी पत्ते त्याच्या यादीत असतात, म्हणून कॅम्पसमध्ये पासवर्ड न देता लेख उघडतो. यादीतून नाव गेलं की त्याच पानावर पीडीएफऐवजी किंमत दिसते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाने हे अनुभवलं. दहा कॅम्पसचं हे विद्यापीठ एल्सव्हियर या प्रकाशकाला वर्षाला एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम देत होतं. करार ३१ डिसेंबर २०१८ रोजी संपला. वाचनाची वर्गणी आणि लेख खुला करण्याचं शुल्क एकाच करारात बसवा, आमच्या प्राध्यापकांचे लेख सर्वांना खुले ठेवा, ही विद्यापीठाची मागणी होती. फेब्रुवारी २०१९च्या अखेरीस बोलणी फिसकटली आणि जुलैत प्रकाशकाने प्रवेश बंद केला.

तरी सगळंच गेलं नाही. २०१८पर्यंतचे बहुतेक लेख पूर्वीसारखे उघडत होते. अडले ते २०१९पासूनचे लेख आणि काही जर्नल्सचे जुने अंक. ज्या वर्षांची वर्गणी भरली, त्या वर्षांचे अंक कायम वाचता येतील, असं कलम आधीच्या करारांत होतं. नव्या लेखासाठी संशोधक ग्रंथालयाकडे मागणी नोंदवायचा आणि दुसऱ्या ग्रंथालयातून स्कॅन केलेली प्रत यायची. कुणी लेखकालाच ईमेल करून प्रत मागायचं, कुणी प्रीप्रिंटवर, म्हणजे छापण्याआधीच्या खुल्या मसुद्यावर, भागवायचं. मार्च २०२१मध्ये नवा करार झाला आणि लेख खुले ठेवण्याची मागणी त्यात उतरली. स्वीडनने २०१८च्या मध्यावर याच प्रकाशकाचा करार सोडला, तो २०२०पासून पुन्हा सुरू झाला. जर्मनीत तडजोडीला २०२३ उजाडलं.

ही मंडळी इतका काळ तग धरू शकली, त्याचं एक मोठं कारण पदरी असलेले जुने अंक. पण हे कलम प्रत्येक करारात नसतं. अनेक प्रकाशकांची जर्नल्स एकत्र देणाऱ्या डेटाबेसमध्ये ते सहसा नसतंच. तिथे पंधरा वर्षं वर्गणी भरा, सोळाव्या वर्षी भरली नाही की हाती शून्य.

आपल्याकडे १ जानेवारी २०२५पासून 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना लागू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, आणि सहा हजारांहून अधिक सरकारी संस्था. महाराष्ट्रातली राज्य विद्यापीठंही त्यात येतात. ही मुदत २०२७च्या अखेरीस संपते. किती जर्नल्स मिळाली याच्या आकड्यांइतकाच आणखी एक प्रश्न मोलाचा आहे: या तीन वर्षांतले अंक पुढेही आपले राहणार का? तो प्राध्यापकांनी आपल्या ग्रंथपालांना आत्ताच विचारावा. मुदत संपताना घासाघीस करायला बसलेल्याला ते उत्तर फार उशिरा कळतं.

पुढील लेखांकात : लेख खुला करायचे पैसे लेखकाकडून का घेतात?