ओढाळ, मोकाट आणि उधाणलेले

प्रगतिपुस्तकात शेऱ्यासाठी जेमतेम एक ओळ मोकळी असते. तिथं मास्तर लिहितात, ‘चंचल आहे, लक्ष द्यावे’. त्याच मुलाविषयी शिक्षकखोलीत चहा पिता पिता बोलणं निघालं की भाषा बदलते. ‘नुसता वांड आहे हो’, ‘वारं प्यायलेलं वासरू’, ‘घरी वेसण घालणारं कुणी नाही’. आधी पेण तालुक्यात आणि लग्नानंतर रोह्यात अशी माझी नोकरी मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे ही दोन्ही मराठी मी रोज ऐकली. शेऱ्यातली मराठी सरकारी असते. खरी मराठी गोठ्यातून येते.

माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं, म्हणजे खाडीलगतच्या, बांध घालून राखलेल्या शेतजमिनीतलं. आमच्याकडे गुरांना नावं होती तशी विशेषणंही होती. शिंग उगारणारा तो मारका. दुसऱ्याच्या शेताकडे ओढ घेणारी ती ओढाळ. खानदेशात याच शब्दाचं वढाय होतं आणि बहिणाबाईंनी ते मनाला लावलं. मन असं आहे म्हणून कुणी पोलीस पाटलाकडे जात नाही, पण आमच्या गावात ओढाळ गाईवरून दोन घरं वर्षभर बोलत नसत. अशा गाईच्या गळ्यात लोढणं बांधत. लोढणं म्हणजे हातभर लांबीचा लाकडाचा ओंडका, दोरीनं गळ्यात असा लटकवायचा की पुढच्या पायांच्या मधोमध येईल. गाय सावकाश चरत असली तर तो फारसा आड येत नाही. पळायला लागली की दर पावलाला गुडघ्यावर आदळतो. चार-सहा आदळे बसले की ती आपोआप चालीवर येते. आमच्या गोठ्यातल्या एका गाईच्या गुडघ्यांवरचे केस कायमचे गेले होते.

गावात सगळ्यात मोठी धास्ती वालाची. भात कापलं की जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात, आणि हिरव्या वालात शिरलेलं ढोर एका रात्रीत वाफे सफाचट करतं. याच दिवसांत पोपटीही लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा घालायचा, मडकं उपडं करून भोवती जाळ लावायचा. शेंगा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या शेतातल्या. सकाळी शेतमालक आला की तुडवलेला वाल बघून आधी विचारायचा, ‘ढोर होतं की पोरं?’ ढोर असेल तर भांडण, पोरं असतील तर ‘उनाड लेकाचे’ म्हणून दोन शिव्या. नुकसान तेवढंच. उनाड या शब्दात किती माया दडलेली आहे ते तेव्हा कळायचं.

मोकाट हा शब्दही मुळात शिवी नव्हता. पिकं निघाली की गुरं राखणीवाचून मोकळी सोडायची रीत कोकणात सगळीकडे होती, आणि त्या हंगामात मोकाट असणं हा गुरांचा हक्कच होता. पेरणी झाली की तो संपायचा. मग शेतात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात जायचं आणि मालक दंड भरून सोडवून आणायचा. त्यासाठी इंग्रजांनी 1871 साली कायदाच केला होता. आता नांगर पॉवर टिलरनं चालतो, गुराखी मिळत नाही, आणि पावसाळ्यात ओल्या शेतापेक्षा मुंबई-गोवा महामार्गाचं कोरडं डांबर गुरांना बरं वाटतं. वडखळ ते नागोठणे रात्री गाडी चालवून बघा. बातमीत ‘मोकाट जनावरांचा सुळसुळाट’ असं येतं. जनावरं तीच. त्यांना मोकळं सोडायचा हंगाम आता बारमाही झाला आहे.

गोठा सोडून तबेल्यात गेलात तरी तेच. बेलगाम तर उघडच आहे. मुजोर हा हिंदीतला मुँहजोर, म्हणजे तोंडाचा टणक घोडा, लगाम ओढला तरी न जुमानणारा. आज आपण रिक्षावाल्याला, कारकुनाला आणि सुनेला मुजोर म्हणतो. संस्कृत घ्या: उच्छृंखल म्हणजे साखळी तोडलेला, निरंकुश म्हणजे ज्याच्यावर अंकुश नाही असा हत्ती. व्रात्य हा मूळचा ज्याचे संस्कार झालेले नाहीत, मुंज झाली नाही, असा माणूस. म्हणजे तिथंही बांधायला दोरी आहेच, ती फक्त जानव्याची. बेफाम आणि बेभान तेवढे वेगळे. पहिल्यात फाम म्हणजे समज गेलेली, दुसऱ्यात भान. यांना दोरी नाही, म्हणून यांना आवरायला जाणाऱ्याची पंचाईत होते.

दंग्याच्या शब्दांत मराठी माणूस फार बारकाईनं फरक करतो, पण विचारलं तर सांगता येत नाही. क्रियापदं बघावीत. धुडगूस ‘घालतात’, एका जागी, तासाभरात, आणि मागे मोडतोड राहते. धिंगाणाही घालतात, पण त्यात आवाज हवा, पाय हवेत, बहुधा बाटलीही. हैदोस मोहरमच्या मिरवणुकीतल्या घोषातून आला. मूळ त्यात भक्तीचा कल्लोळ होता. मराठीनं भक्ती गाळली आणि कल्लोळ तेवढा ठेवला. आता हैदोस रानडुकरं घालतात. उच्छाद मात्र ‘मांडतात’. दुकान मांडावं, संसार मांडावा, तसा उच्छाद मांडायचा, म्हणजे रोजचं झालं. म्हणून माकडांचा उच्छाद असतो. एका दुपारी येऊन कौलं फोडून गेली तर तो धुडगूस. फरक एवढा नेमका आहे, आणि हल्ली मथळे लिहिणारे कुठलाही शब्द कुठंही ठोकतात, याचा मला राग येतो.

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द उधाण. गणपतीत पेणच्या कारखान्यांतून मूर्ती बाहेर पडायला लागल्या की ‘उत्साहाला उधाण’ हा मथळा ठरलेला. खारेपाटात हा शब्द असा हसत उच्चारत नाहीत. आगरी बोलीत तो ‘उधान’ होतो, आणि तो अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, त्यातही पावसाळ्यात, हळू आवाजात येतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, भरती माफक असते, तेव्हा बांधाकडे कुणी बघत नाही. उधाणाला पाणी बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खाडीकडच्या बांधाच्या, माथ्याशी येतं. खेकड्यांनी आणि उंदरांनी पाडलेल्या एखाद्या भोकातून झिरपायला लागतं आणि बघता बघता खांड जाते, म्हणजे बांधाला भगदाड पडतं. खारं पाणी भातात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथं धड पीक नाही. माझे आजोबा अशा रात्री चिखल आणि पेंढा घेऊन बांधावर जात. त्यांच्यासमोर कुणी उत्साहाला उधाण म्हटलं असतं तर त्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं असतं.

रोह्यात आल्यावर मला सुटण्याची दुसरी तऱ्हा दिसली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस सशस्त्र सलामी देतात. ग्रामदैवताला अशी सलामी फार थोड्या ठिकाणी मिळते. मग खालूबाजा वाजायला लागतो आणि एरवी मान खाली घालून दुकानात बसणारी माणसं बेभान नाचतात. कुणी याला धिंगाणा म्हणत नाही. नाच तोच, पण वेळ, देव आणि पोलीस तिन्ही बरोबर आहेत. शिमग्याचंही तसंच, त्या दिवसापुरती बोंब मारायला मुभा.

2016 साली नागराज मंजुळे यांचा सिनेमा आला आणि सैराट हा शब्द पोरांच्या तोंडी बसला. शब्द जुना आहे, भरधाव, वाट न बघता सुटलेल्याचा. सिनेमानं तो प्रेमाच्या बाजूला आणला. माझ्या वर्गातल्या मुली तो वहीच्या मागच्या पानावर लिहू लागल्या, आणि मला ते आवडलं, कारण बायकांच्या वाट्याला यातला एकही बरा शब्द आलेला नाही. मुलगा उंडारला तर उनाड. मुलगी उंडारली तर उंडगी, भटकभवानी. पोपटीला रात्री शेतात जाणाऱ्या मुलाला दोन शिव्या बसतात, मुलीला जाताच येत नाही. वर याच भाषेत तिच्यासाठी लोढण्याची सोय आहे. वांड मुलाच्या गळ्यात लग्नाचं लोढणं बांधा, येईल ताळ्यावर, असं मोठी माणसं हसत सांगतात. यात गाय कोण ते सगळ्यांना कळतं. ओंडका कोण, याचा विचार करायला कुणी थांबत नाही.

माझ्या काकीनं केला होता. तिच्या मुलीला बघायला मंडळी आली होती. मुलाचा मामा पोहे खाता खाता म्हणाला, ‘पोरगा जरा उनाड आहे, खोटं कशाला बोलू, पण लग्न झालं की येईल ठिकाणावर.’ काकीनं त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले आणि म्हणाली, ‘मग आधी येऊ द्या ठिकाणावर. आम्ही काही लाकडं विकत नाही.’