एंजिनाचा इशारा-दिवा आणि घटलेले मायलेज

मोटार सुरू करण्यासाठी किल्ली फिरविली म्हणजे चालकासमोरील फलकावर अनेक दिवे क्षणभर उजळतात. त्यांत एंजिनाच्या आकृतीचा एक पिवळसर दिवा असतो. एंजिन चालू होताच तो मालवला पाहिजे. तो तसाच जळत राहिला, अथवा वाटेत अकस्मात लागला, आणि त्याच सुमारास पेट्रोलही पूर्वीपेक्षा लवकर संपू लागले, तर जुन्या मोटारीचा मालक चिंतेत पडतो. कोणी त्याला प्लग बदलावयास सांगतो, कोणी संवेदक बदलावयास सांगतो, तर कोणी दिव्याकडे लक्षच देऊ नये असे सुचवितो. यांपैकी कोणता सल्ला ग्राह्य मानावा हे ठरविण्यासाठी तो दिवा नेमके काय सांगतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

दिव्याची जन्मकथा

या दिव्याचे मूळ हवेच्या प्रदूषणात आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर १९४० नंतरच्या दशकात डोळ्यांना झोंबणारे धुरके पसरू लागले. कॅलिफोर्नियातील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास त्याचे कारण शोधून काढले. मोटारी व तेलशुद्धीकरणाचे कारखाने यांतून बाहेर पडणारे न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन व इतर क्षोभक पदार्थ तयार होतात, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे मोटारींच्या धुरावर निर्बंध आले. परंतु कारखान्यातून निघताना शुद्ध असलेला धूर दहा वर्षांनीही तसाच राहील याची शाश्वती काय? या प्रश्नातून मोटारीनेच स्वतःची तपासणी करावी ही कल्पना पुढे आली. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींवर अशी प्रमाणित व्यवस्था सक्तीची झाली. भारतात तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा, अधिक काटेकोर टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या पुष्कळ मोटारींतही दिवा आढळतो. मात्र त्यांची सांकेतिक भाषा कंपनीगणिक भिन्न असते.

हवा आणि पेट्रोल

पेट्रोलच्या एका भागाचे संपूर्ण ज्वलन होण्यास वजनाने सुमारे १४·७ भाग हवा लागते. हवा याहून कमी असली तर काही इंधन अर्धवट जळून वाया जाते व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. अशा मिश्रणास समृद्ध मिश्रण म्हणतात. हवा अधिक झाली तर मिश्रण विरळ होते आणि एंजिन अडखळू लागते.

हे प्रमाण राखण्याचे काम मोटारीतील एक छोटा संगणक करतो. धूर बाहेर नेणाऱ्या नळीत प्राणवायूचा संवेदक बसविलेला असतो. त्यातील झिर्कोनियाचे मृत्तिकापात्र धुरातील प्राणवायूची बाहेरच्या हवेतील प्राणवायूशी तुलना करते. मिश्रण समृद्ध असता ते सुमारे ०·९ व्होल्ट, व विरळ असता सुमारे ०·१ व्होल्ट इतका विद्युत्-दाब निर्माण करते. त्यावरून संगणक इंधन किंचित कमी वा अधिक सोडतो. ही दुरुस्ती प्रत्येक क्षणी चाललेली असते. ती नेहमीच्या मर्यादेबाहेर जाऊ लागली की संगणक आपल्या स्मृतीत एक संकेतांक नोंदवितो. पुष्कळ दोषांच्या बाबतीत तोच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळला म्हणजे मग दिवा लावतो.

साक्षीदार आणि अपराधी

संकेतांक वाचणे आज कठीण राहिलेले नाही. या व्यवस्थेच्या मोटारींत चालकाच्या गुडघ्यांजवळ, फलकाखाली, सोळा टाचण्यांची एक खोबण असते. तीत वाचक-यंत्र जोडले की अंक दिसतो. खरी चूक येथूनच सुरू होते. संकेतांक म्हणजे नादुरुस्त भागाचे नाव, असा समज करून घेतला जातो.

उदाहरणार्थ, ‘पी ०१७१’ या अंकाचा अर्थ ‘मिश्रण विरळ आहे’ एवढाच होतो. ही वार्ता प्राणवायू-संवेदकाने दिलेली असल्यामुळे पुष्कळ वेळा तोच बदलला जातो, आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. कारण संवेदकाने सत्यच सांगितलेले असते. एखादी रबरी नळी वयोमानाने तडकून तीतून मोजमापात न आलेली हवा आत शिरत असते, किंवा इंधनाचा पंप दुबळा झालेला असतो. साक्षीदारालाच शिक्षा केल्यामुळे अपराधी मोकळा राहतो.

प्रथम मोजमाप

मायलेज घटले, ही तक्रारही आधी मोजून पाहिली पाहिजे. टाकी भरताना पंपाची नळी आपोआप बंद होईल तेथवर पेट्रोल घ्यावे व किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. काही दिवसांनी त्याच पंपावर तशीच टाकी भरावी. मधले अंतर ४२० किलोमीटर झाले व या खेपेस ३५ लिटर पेट्रोल मावले, तर दर लिटरला १२ किलोमीटर हे मायलेज झाले. अशा दोन-तीन टाक्यांची सरासरी घेतल्यावाचून निष्कर्ष काढू नये. कारण गर्दीची वाहतूक, लहान फेऱ्या आणि वातानुकूलन यांनीही आकडा बदलतो.

एका दोषाचा शोध

समजा, अशाच एका बारा वर्षांच्या मोटारीचे मायलेज १५ वरून १२ वर आले असून, दिवा लागला आहे आणि संकेतांक ‘पी ०१२८’ असा आहे. याचा अर्थ, एंजिनातील शीतक द्रव अपेक्षित तपमानास पोहोचत नाही. एंजिन थंड असता संगणक जाणूनबुजून अधिक पेट्रोल सोडतो, आणि थंड तेलामुळे घर्षणही वाढलेले असते. तेव्हा दिवा व घटलेले मायलेज यांचे मूळ येथे एकच असण्याचा संभव आहे.

परंतु द्रव तापत नाही याची तीन कारणे संभवतात: द्रवाची पातळी खाली गेली असेल, तपमान मोजणारा संवेदक चुकीचे सांगत असेल, किंवा थर्मोस्टॅट नावाची झडप उघडी अडकली असेल. यांतून एकाची निवड सोप्या कसोट्यांनी करता येते. सकाळी एंजिन पूर्ण थंड असताना पातळी पाहावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, आतील उकळता द्रव उसळून गंभीर भाजण्याचे भय असते. नंतर एंजिन सुरू करण्यापूर्वी वाचक-यंत्रावर द्रवाचे तपमान व आत येणाऱ्या हवेचे तपमान पाहावे. रात्रभर उभ्या राहिलेल्या मोटारीत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असावयास हवेत. ते तसे असले तर संवेदकावर संशय घेण्याचे कारण उरत नाही. यानंतर मोटार रस्त्यावर न्यावी. द्रवाचे तपमान ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर न होता मोकळ्या रस्त्यावर ६० ते ६५ पर्यंत उतरत असेल, तर झडप मिटत नाही असे अनुमान निघते. झडप काढून हाती घेतल्यावर ती थंड असूनही उघडी दिसली, की अनुमानास प्रत्यक्षाचा आधार मिळतो.

या शोधाचे मोल आकड्यांत सांगता येते. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीस १५ च्या मायलेजला ८०० लिटर पेट्रोल लागते व १२ च्या मायलेजला १,००० लिटर. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २·३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. म्हणजे २०० लिटरांच्या अपव्ययाबरोबर सुमारे ४६० किलोग्रॅम वायूची भर हवेत पडते.

दिव्याला न दिसणारे दोष

दिवा लागला नाही म्हणून सर्व काही ठीक आहे, असे समजणेही चुकीचे होय. टायरमधील हवा कमी झाली किंवा ब्रेक चाकाला घासत राहिला, तर मायलेज घटते. पण एंजिनाच्या संगणकाला त्याची वार्ता नसते, कारण मिश्रण योग्यच असते. थोडे अंतर चालवून, ब्रेकचा फारसा वापर न करता मोटार थांबवावी आणि चाकांजवळ हात नेऊन पाहावे. एकच चाक इतरांहून बरेच गरम लागले तर ब्रेकची तपासणी करावी. याउलट, हवेची मळलेली गाळणी हे घटत्या मायलेजचे कारण म्हणून नेहमी सांगितले जाते. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारींना ते लागू होते. परंतु संगणक-नियंत्रित मोटारींत गाळणी तुंबली तरी मिश्रण सावरले जाते. मोटारीचा जोम कमी होतो, मायलेज फारसे घटत नाही, असे अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ मधील चाचण्यांत आढळून आले.

लुकलुकणारा दिवा

दिवा स्थिर जळत असेल व मोटार नीट चालत असेल, तर सवडीने तपासणी करता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र विलंब करू नये. एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकत आहे आणि कच्चे पेट्रोल धुराच्या नळीत जात आहे, असा त्याचा अर्थ असतो. त्या नळीत प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप दिलेली, मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारा हा उत्प्रेरक परिवर्तक होय. कच्चे पेट्रोल तेथे जळू लागले की तो अतिशय तापतो व जाळी वितळते. अशा वेळी वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे. एका प्लगच्या वा कॉइलच्या दुर्लक्षापायी मोटारीचा सर्वांत महाग भागांपैकी एक गमावण्याची पाळी येते.

अखेरीस एका प्रघाताविषयी सांगितले पाहिजे. जुनी मोटार विकण्यापूर्वी बॅटरीची तार सोडून अथवा यंत्राने संकेतांक पुसून दिवा घालविला जातो. त्याने दोष जात नाही. उलट, दोष उद्भवला त्या क्षणीचा वेग, तपमान व भार यांची जी नोंद संगणकाने जपून ठेवलेली असते, ती नष्ट होते. म्हणून पुसण्यापूर्वी सर्व नोंदी कागदावर उतरवून घ्याव्यात. दोष खरोखर दूर झाला असेल तर लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपण होऊनच मालवतो. आणि जुनी मोटार विकत घेणाऱ्याने किल्ली फिरविताच हा दिवा क्षणभर लागतो की नाही, हे अवश्य पाहावे. तो मुळीच लागला नाही, तर मोटार निर्दोष आहे असे समजण्याऐवजी तो का लागत नाही याची चौकशी करावी.