शस्त्रक्रियेनंतर उरणारी वेदना

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, टाके निघाले, रुग्ण घरी गेला, म्हणजे उपचार संपले, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु काही रुग्णांना जखम भरून आल्यावरही त्या जागी आग, टोचणी किंवा ठणका जाणवत राहतो. अशी वेदना तीन महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास ती दीर्घकालीन मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात तिची स्वतंत्र नोंद आहे.

छेद घेताना बारीक मज्जातंतू दुखावतात. त्यांच्याकडून सतत येणाऱ्या संदेशांमुळे मज्जारज्जू व मेंदू अतिसंवेदनशील होतात आणि कपड्याचा स्पर्शही असह्य वाटू लागतो. छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया, स्तनाची शस्त्रक्रिया किंवा अवयवच्छेदन यांनंतर हा त्रास विशेष आढळतो. म्हणून "जखम तर भरली, आता काय दुखते?" असे रुग्णास म्हणणे अन्यायाचे ठरते.

घरच्यांना त्रास नको म्हणून अनेक रुग्ण, विशेषतः स्त्रिया, वेदना दडवतात. पोटाच्या वा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर दुखण्याच्या भीतीने खोकणे टाळल्यास कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. यास्तव वेदनाशामक औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच द्यावे, खोकताना जखमेवर उशी धरावी आणि वेदनेला रोज ० ते १० पैकी गुण देऊन वहीत नोंद करावी. मज्जातंतूंच्या वेदनेची औषधे निराळी असतात. दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. वेदना एकाएकी वाढणे, ताप, जखमेतून पू, धाप किंवा एका पायास सूज दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

वेदना पूर्ण थांबण्याची वाट न पाहता हालचाल थोडी थोडी वाढवावी. बऱ्या दिवशी सर्व कामे उरकू नयेत, वाईट दिवशी अंथरूण धरू नये. मणक्याच्या विकारामुळे कै. बाबा आमटे यांना बसणे अशक्य झाले होते. तरीही डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेल्या 'भारत जोडो' यात्रेत त्यांनी गाडीतील बिछान्यावर पडून प्रवास केला. शरीराला झेपेल अशी कामाची मांडणी करणे, हाच त्यातील धडा.

पनवेल परिसरातील खेड्यांतून येणाऱ्या रुग्णास व्यायामासाठीची प्रत्येक फेरी म्हणजे एक बुडालेली मजुरी असते. दात्यांचे साहाय्य शस्त्रक्रियागृहापाशी न थांबता या फेऱ्यांपर्यंत पोहोचले, तरच रुग्ण खऱ्या अर्थाने उभा राहील.