बर्फाची वाट न पाहणारा पक्षी

सप्टेंबरचा तिसरा आठवडा. मध्य भूतानच्या डोंगरांतून पाऊस काढता पाय घेतोय. बर्फ पडायला अजून अवकाश आहे. अशात एक रानपक्षी उन्हाळाभर राहिलेली आपली जागा सोडून निघतो. उतार उतरतो, दरीत पोचतो. आजवरच्या समजुतीप्रमाणे त्याने आता इथेच हिवाळा काढायला हवा. तो थांबत नाही. समोरचा चढ चढतो, डोंगराची धार ओलांडतो, पलीकडे उतरतो आणि पुन्हा पुढच्या डोंगराला लागतो.

हा प्रवास सलग कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. ही वाट उमटली ती पक्ष्याच्या अंगावर बांधलेल्या एका छोट्या यंत्रात. ती नकाशावर उतरली, तेव्हा हिमालयातल्या पक्ष्यांबद्दलचा एक जुना, सोयीचा समज मोडीत निघाला.

पक्ष्याचं नाव सॅटीर ट्रॅगोपॅन. उत्तराखंडापासून नेपाळ, सिक्कीम, भूतान ते अरुणाचलपर्यंतच्या ओल्या, उंच जंगलांत राहणारा, कोंबड्यांच्या कुळातला फेजंट. नर एकदा पाहिला की विसरणं नाही. लालभडक अंगावर काळ्या कडेचे पांढरे ठिपके, चेहऱ्याची उघडी कातडी निळी. विणीच्या दिवसांत तो मादीपुढे येतो तेव्हा डोक्यावर दोन निळी मांसल शिंगं उभी राहतात आणि गळ्याखाली रंगीत झालर उलगडते. मादी मात्र पाचोळ्यात बसली तर पायाशी येईपर्यंत दिसू नये, अशी तपकिरी. बहुतेक फेजंट जमिनीवर घरटं करतात, ट्रॅगोपॅन झाडावर करतात.

लिनिअसने 1758 साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं, ते टर्कीच्या गटात बसवून. पुढे शिकाऱ्यांनी तो मारला, चित्रकारांनी रंगवला, हौशी लोकांनी पिंजऱ्यात पाळला. एवढी ओळख होऊनही त्याच्या वर्षभराच्या येण्याजाण्याबद्दल पुस्तकांत जेमतेम एक ओळ असे: उन्हाळ्यात चार हजार मीटरच्या वरपर्यंत, हिवाळ्यात अठराशे मीटरपर्यंत खाली. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साधं चित्र उभं राहायचं. वर बर्फ पडलं की पक्षी घसरत्या उताराने खाली येणार, बर्फ वितळलं की त्याच उताराने वर जाणार. चित्र इतकं पटण्यासारखं होतं की ते तपासून पाहण्याची निकड फारशी कुणाला वाटली नाही.

तपासणं सोपंही नव्हतं. हा पक्षी राहतो ऱ्होडोडेंड्रॉन आणि बांबूच्या गचपणात, दिवसाही अंधारलेल्या उतारांवर. वसंतात पहाटे नर लांबलचक, रडवेल्या सुरात ओरडतो, तेवढाच त्याचा पत्ता लागतो. वीण संपली की नर गप्प होतो, आणि स्थलांतराचा काळ नेमका या मुक्या महिन्यांत येतो. पायात कडी अडकवून सोडण्याच्या जुन्या पद्धतीचा इथे काय उपयोग? कडी घातलेला पक्षी पुन्हा हाती लागला तरच ती काही सांगणार.

2009 मध्ये नवांग नोर्बू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाला हात घातला. नोर्बू भूतानचेच. बुमथांगमधली उग्येन वांगचुक संस्था आणि जर्मनीतल्या रॅडॉल्फझेलची माक्स प्लांक पक्षिविज्ञान संस्था अशी ही जोडी होती, आणि जर्मनीच्या बाजूने प्राण्यांच्या हालचालींचा माग काढण्यात नाव असलेले मार्टिन विकेल्स्की सोबत होते. 2011 पर्यंत त्यांनी 38 ट्रॅगोपॅनांवर टॅग बसवले. टॅगमध्ये दोन गोष्टी होत्या. जीपीएस पक्ष्याची जागा नोंदवायचं. दुसरा भाग, ॲक्सेलरोमीटर, शरीराची प्रत्येक हालचाल तीन दिशांनी मोजायचा. त्यामुळे पक्षी कुठे आहे याच्या जोडीला तो चालतोय की निवांत बसलाय, याचाही अंदाज बांधता येतो. पण पक्षी दाट झाडीतला, डोंगर उभे आणि थंडी हाडं गोठवणारी. तंत्रज्ञान आलं म्हणून पायपीट संपली, असं मुळीच नव्हतं.

मग नोंदी बोलू लागल्या. पहिला धक्का: सगळे पक्षी जातच नाहीत. काही निघतात, काही त्याच भागात हिवाळा काढतात. दुसरा धक्का मला सगळ्यात मोठा वाटतो. निघण्याच्या वेळेचा बर्फ पडण्याशी संबंध दिसला नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पक्षी जात राहिले, बर्फ पडो न पडो. कुणी एका दिवसात मुक्काम गाठला, कुणाला 32 दिवस लागले. सर्वांत छोटा प्रवास सव्वा किलोमीटरचा, सर्वांत लांबचा साडेतेरा किलोमीटरचा. दादरहून अंधेरीच्या जरा पुढे जावं एवढंच हे अंतर, पण इथे मध्ये दऱ्या आणि डोंगरधारा उभ्या आहेत, आणि फेजंट काही लांब उडणारे पक्षी नव्हेत. चालणं हाच त्यांचा स्वभाव.

आणि वाटा? काहींच्या पुस्तकातल्यासारख्या, त्याच डोंगराच्या अंगाने खाली-वर. काहींनी एकामागून एक डोंगर पार केले. आणि काही चक्क उलटे गेले: हिवाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली! हिवाळ्यात वर जाणं वेडेपणाचं वाटेल, पण उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतातली डस्की ग्राउज तसंच करते. तिचं हिवाळ्यातलं खाणं म्हणजे सूचिपर्णी झाडांच्या सुया, आणि त्या बर्फाच्या थराच्या वर, फांदीवर कायम हाताशी असतात. ट्रॅगोपॅन सुयांवर जगत नाही, तेव्हा ते उत्तर इथे जसंच्या तसं चिकटवता येणार नाही.

परतीचा नूर वेगळा. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून निघायचं आणि चार ते दहा दिवसांत पोचायचं, तेही आपल्या जुन्याच जागी. वीण तोंडावर आली की रेंगाळणं परवडत नसावं. यातल्या एका पक्ष्याने तर अभ्यासकांना आणखी कोड्यात टाकलं. एका वर्षी तो स्थलांतराला गेला, पुढे मात्र गेलाच नाही. म्हणजे स्थलांतराचा हुकूम जन्मतःच रक्तात लिहिलेला आहे, असंही सरसकट म्हणता येत नाही.

कोण जातं आणि कोण राहतं, याची शास्त्रज्ञांकडे काही तयार स्पष्टीकरणं आहेत. मोठ्या अंगाचा जीव थंडी आणि उपासमार सोसतो, म्हणून लहान जातात. दांडगे टिकतात, दुबळ्यांना हुसकावलं जातं. किंवा नराला विणीची जागा राखायची असते, म्हणून तो हलत नाही. ट्रॅगोपॅनांमध्ये नरांपेक्षा माद्या जास्त प्रमाणात गेल्या. त्या नरांहून लहान असतात, म्हणजे पहिलं स्पष्टीकरण बसलं म्हणायचं? पण नरांमध्येच तुलना केली, तर कोण जाणार हे अंगलटीवरून सांगता येईना. 2013 साली हे निष्कर्ष ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आले, तेव्हा लेखकांनी स्पष्ट म्हटलं की उंचीवरचं स्थलांतर ही नुसती चढ-उताराची गोष्ट नाही.

याचा परिणाम थेट संरक्षणावर होतो. हवा तापेल तसे डोंगरावरचे पक्षी वर सरकतील, असं आपण सहज गृहीत धरतो. पण ज्या पक्ष्याला हिवाळ्यासाठी काही डोंगर पलीकडचं जंगल लागतं, त्याला एकाच शिखराभोवती आखलेलं अभयारण्य पुरणार कसं? मधली दरी रस्त्याने किंवा जंगलतोडीने तुटली, तर दोन्ही टोकं राखूनही उपयोग नाही. भूतानच्या राज्यघटनेने किमान 60 टक्के जमीन कायम जंगलाखाली ठेवण्याचं बंधन घातलंय, आणि तिथली राष्ट्रीय उद्यानं जंगलपट्ट्यांनी जोडलेली आहेत. आपल्या बाजूच्या हिमालयात रस्ते आणि धरणं आखताना या मधल्या उतारांचा विचार व्हायलाच हवा. संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत हा पक्षी आज ‘संकटाच्या जवळ’ या वर्गात आहे.

महाराष्ट्रातून सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात, सिक्कीमला पक्षी पाहायला जाणाऱ्यांना म्हणून एक विनंती. बहुतेक जण लाल नरासाठी एप्रिल-मेमध्ये जातात. जमेल त्यांनी ऑक्टोबरमध्ये किंवा मार्चच्या सुरुवातीलाही जावं. आणि झुडपातून एखादी तपकिरी मादी दिसली, तर फोटो चांगला आला नाही म्हणून तिला सोडून देऊ नका. तारीख, ठिकाण आणि उंची लिहून ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाका. या जातीत प्रवासाला जास्त करून तीच निघते.