पान्हा, फुंका आणि जननमार्गांतील मज्जातंतू

म्हैस पान्हा चोरते ही तक्रार कांहीं नवी नाहीं. परंतु हिंजवडीसारख्या गांवीं, जेथें शेतजमिनीवर राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या इमारती उठल्या व मोटारींचा गोंगाट वाढला, तेथें गोठा राखणाऱ्या शेतकऱ्यानें तिचा विचार अधिक बारकाईनें केला पाहिजे. पान्हा चोरणें हा जनावराचा निव्वळ हट्ट नव्हे. तो मज्जातंतू व रक्त यांचा व्यवहार आहे, आणि त्याची उकल पुष्कळशी प्रयोगशाळेंतील जनावरांवरूनच झाली आहे.

मादीच्या जननमार्गास दोन ठिकाणांहून मज्जातंतू येतात. कमरेच्या भागांतून निघणारे मुख्यतः गर्भाशयाकडे जातात, तर त्याच्या मागील, शेपटीकडच्या भागांतून निघणारे गर्भाशयाचें मुख व योनी यांकडे जातात. मज्जातंतूच गर्भाशयास हांकतात असें कोणासही सहज वाटेल. तथापि जर्मन शास्त्रज्ञ गोल्ट्झ यांनीं १८७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कुत्रीचा पाठींतील मज्जारज्जु तोडला असतांही ती माजावर आली, गाभण राहिली व व्याली. गिनीपिगांत तर गाभणपणाच्या अखेरीस गर्भाशयाच्या भिंतींतील पुष्कळसे मज्जातंतू झडतात आणि विण्यानंतर पुन्हां वाढतात!

मग हे मज्जातंतू निरुपयोगी समजावे काय? मुळींच नाहीं. उंदराच्या मादीचे मागील मज्जातंतू तोडले तर ती विण्यास अडते. कमरेकडील तोडले तर सहसा अडत नाहीं. मागील मज्जातंतू वर्दी देणारे आहेत. १९४१ सालीं फर्ग्युसन यांनीं सशांवर प्रयोग करून दाखविलें कीं, जननमार्ग ताणला गेला म्हणजे ही वर्दी मेंदूस पोंचते, आणि मेंदूच्या बुडाशीं असलेल्या लहानशा ग्रंथींतून एक द्रव्य रक्तांत उतरून गर्भाशयास आंवळतें. हेंच ऑक्सिटोसिन. कासेंतील दुधाच्या सूक्ष्म पिशव्या आंवळून पान्हा सोडविणारें द्रव्यही हेंच.

त्याच वर्षीं अमेरिकेंत इली व पीटरसन यांनीं गाईच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू तोडून पाहिले. धार काढतांना दोन्ही बाजूंनीं सारखाच पान्हा सुटला. मात्र गाय भेदरली असतां तो कोणत्याच बाजूस सुटेना. वर्दी मज्जातंतूंनीं जाते, हुकूम रक्तानें येतो. आणि भीतीनें रक्तांत उतरणारें अ‍ॅड्रिनलिन तो हुकूम अडवितें.

आतां फुंक्याचें मर्म ध्यानांत येईल. गाईम्हशीच्या योनींत नळीनें हवा फुंकून दूध काढण्याची ही निर्दय चाल म्हणजे मेंदूस दिलेली खोटी वर्दी होय. हिची माहिती कळल्यावर महात्मा गांधींस दुधाचा तिटकारा आला, असें त्यांनीं आत्मकथेंत नमूद केलें आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें फुंका व दूध वाढविण्यासाठीं दिलेली अपायकारक सुई हे दोन्ही गुन्हे ठरविले. तरी फुंक्याची जागा सुईनें घेतलीच. १९५३ सालीं द्यु व्हिन्यो यांनीं ऑक्सिटोसिन कृत्रिम रीतीनें बनविलें, तें उत्तम औषध आहे. दोष गोठ्यांतील वापराचा. २०१८ सालीं केंद्र सरकारनें खासगी कारखान्यांस त्याच्या निर्मितीची बंदी केली. ती दिल्ली उच्च न्यायालयानें डिसेंबरांत रद्द केली. परंतु त्यायोगें सुई निर्दोष ठरली, असें कोणीं समजूं नये. रोज सुई टोचलेलें जनावर पुढें साध्या हातास पान्हा सोडीनासें होतें. अडलेल्या जनावरास तर ती पशुवैद्याखेरीज कोणींच टोंचूं नये. वासरूं आडवें असेल तर गर्भाशय फाटण्याचें भय असतें.

आमच्या मतें खरी वर्दी देणें फारसें कठीण नाहीं. रस्त्याच्या बाजूस भिंत वा गंजी घालून गोंगाट अडवावा. धार ठराविक वेळीं, ठराविक माणसानें काढावी. त्या वेळीं गोठ्यांत मारझोड, ओरडा नसावा. आधीं पारडूं लावावें. तें मेलें असल्यास पुढें आंबोण ठेवून कास कोंबट पाण्यानें धुवावी, सड हलक्या हातानें चोळावे व दोन मिनिटें धीर धरावा. म्हैस गाईपेक्षां उशिरां पान्हावते. पान्हा सुटल्यावर मात्र गप्पा मारीत बसूं नये, कारण रक्तांतील द्रव्याचा अंमल कांहीं मिनिटेंच टिकतो.