हद्द न मानणारे गाजरगवत

माणसाच्या हातून, जाणता वा अजाणता, आपला मूळ प्रदेश सोडून आलेली आणि तिला आवर घालणारे नैसर्गिक शत्रू नव्या ठिकाणी नसल्यामुळे स्थानिक जीवसृष्टीला हटवून पसरणारी प्रजाती ‘परकीय आक्रमक प्रजाती’ म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रातील तिचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत. उष्ण अमेरिकेतील या तणाची भारतातील पहिली प्रसिद्ध नोंद १९५६ मध्ये पुण्यातून झाली; आयात धान्यातून त्याचे बी आले असावे, असे मानले जाते. आज ते राज्यभर दिसते, आणि त्याच्या बंदोबस्ताची खरी अडचण उपायांच्या अभावात नसून उपायांचा मेळ न बसण्यात आहे.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर उगवलेले रोप प्रथम गाजरासारखी चिरलेली पाने जमिनीलगत चक्राकार पसरते आणि त्या चक्राखाली दुसऱ्या बियाण्याला फारसा वाव उरत नाही. पुढे मधून दांडा उठतो, त्याला फांद्या फुटतात आणि उगवणीनंतर साधारण महिना-दीड महिन्यात चार-पाच मिलिमीटर रुंदीची पांढरी फुले दिसू लागतात. फूल म्हणून ओळखला जाणारा प्रत्येक पांढरा ठिपका हा वस्तुतः अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असून त्यात साधारणपणे पाच बिया धरतात. अशा गुच्छांमुळे एका झाडाचे बी हजारांच्या घरात जाते. बुंध्यापासून वर कापलेले झाड पुन्हा फुटते, म्हणून जमीन ओली असताना, हातमोजे घालून आणि फुलोऱ्यापूर्वी ते मुळासकट उपटावे लागते. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज व चट्टे येतात आणि परागामुळे काहींना श्वसनाचा त्रास होतो, म्हणून हातमोजे ही या कामातील चैन नव्हे, गरज आहे.

एखाद्या शेतकऱ्याने आपले शेत स्वच्छ केले, तरी बांधापलीकडचे गायरान ग्रामपंचायतीकडे, कालव्याचा काठ पाटबंधारे खात्याकडे, रस्त्याची कड बांधकाम खात्याकडे आणि रुळालगतची पट्टी रेल्वेकडे असते. पाणी, चाकांना लागलेला चिखल, चारा आणि शेणखत यांबरोबर जाणारे बी मात्र यांपैकी एकही हद्द मानत नाही. शेजारच्या कर्नाटकाने १९७५ मध्येच कृषी कीड व रोग कायद्याखाली गाजरगवत उपद्रवी तण म्हणून घोषित केले. तरीही ते तेथून हटलेले नाही, कारण मालकावर जबाबदारी टाकणारा नियम सार्वजनिक जमिनीपाशी येऊन थबकतो.

हद्दींइतकाच वेळेचा मेळही महत्त्वाचा आहे. १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळुरूला आणलेला आणि चाचण्यांनंतर १९८४ पासून सोडण्यात आलेला भुंगा, ‘झायगोग्रामा बायकलोराटा’, हा गाजरगवताचा शत्रू होय. मळकट पांढऱ्या पंखांवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला हा सुमारे सहा मिलिमीटर लांबीचा कीटक कोरड्या काळात मातीत सुप्त राहतो, पावसाळ्यात वर येतो आणि पानांवर अंडी घालतो. अळ्या कोवळे शेंडे कुरतडत असल्यामुळे फुलोरा कमी होतो. भुंग्यांची संख्या वाढत असतानाच कोणी त्याच जागी तणनाशक फवारले किंवा सरसकट तण उपटले, तर भुंग्यांचे अन्नच नाहीसे होते आणि एका खात्याचे काम दुसऱ्याच्या कामावर पाणी फिरवते. तसेच दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. लोकांना तण ओळखायला शिकवण्यासाठी तो मोलाचा आहे, परंतु जूनच्या मध्यास उगवलेली झाडे तोवर फुललेली असतात, म्हणून पहिली उपटणी जुलैच्या आरंभीच व्हावयास हवी.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती अपेक्षित असून, या समित्यांना मार्गदर्शन करणारे राज्य जैवविविधता मंडळ नागपूर येथे आहे. समितीने शिवाराचा नकाशा करून उपटण्याच्या जागा आणि भुंग्यांसाठी राखण्याच्या जागा वेगळ्या दाखवाव्यात, कालवा व ओढ्यांवर वरच्या अंगाकडून खाली काम सरकवावे, फुलोऱ्यापूर्वी उपटलेल्या तणाचे खड्ड्यात कंपोस्ट करावे आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत लगेच टाकळ्याचे बी टाकावे, कारण उघडी जमीन हेच गाजरगवताचे आमंत्रण असते. या नकाशांवरून जिल्हा पातळीवर सर्व खात्यांचे एकच वेळापत्रक ठरले, तर विखुरलेल्या श्रमांना दिशा मिळेल. जमिनीत पुरलेले बी काही वर्षे जिवंत राहते. म्हणून एका मोहिमेचे छायाचित्र हे यशाचे प्रमाण मानता येत नाही, आणि त्याच जागेवर वर्षानुवर्षे परत जाण्यासाठी राखून ठेवलेला निधी हीच राज्याच्या निर्धाराची खरी कसोटी ठरते.