विकासात मागे राहणाऱ्या बालकाचे संगोपन

‘त्याचा मामाही उशिराच बोलला होता’ या समजुतीत अनेक घरांतील मोलाचा काळ वाया जातो. मूल 9 महिन्यांपर्यंत आधाराविना बसत नसेल, 18 महिन्यांपर्यंत चालत नसेल अथवा हाकेला प्रतिसाद देत नसेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. मंद विकासाच्या जोडीला उपचारयोग्य आजारही असू शकतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या बालकांना जन्मतः हृदयदोष असतो; थायरॉईडची कमतरता व श्रवणदोषही त्यांच्यात वारंवार आढळतात. म्हणून व्यायाम व वाचा-उपचारांइतकीच या तपासण्यांची निकड असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्यांत व शासकीय शाळांत मोफत तपासणी करतात. आपल्या शहरात घाटी रुग्णालयाचा बालरोग विभागही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या बालकांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

असे अपत्य कोणाच्या पापाचे फळ नव्हे. त्यासाठी मातेला दोष देणे हा अन्यायच होय. तिच्यासोबत रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणे, एखादी दुपार तिचे मूल सांभाळणे, एवढे तरी आपण सर्वांनी करावे.